गल्लीचा पाळणा

बोरजवळ्याच्या खालच्या गल्लीत पाळणा एकच होता. सागवानी, चार कोपऱ्यांना लाकडाचे राघू बसवलेला. तो मुळात कुणाच्या मालकीचा, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. ज्या घरी पोर जन्मे त्या घरी तो जाई. मागायला कुणी जायचं नाही, परत द्यायलाही कुणी यायचं नाही. बारशाच्या दिवशी दोन बाप्यांनी मागच्या घरी जाऊन आढ्याची दोरी सोडायची आणि पाळणा उचलून आणायचा, एवढीच रीत. हिंदूच्या घरातून तो मुसलमानाच्या घरी जाई, तिथून लिंगायताच्या.

सकिनाबी सुईण सांगायची, तिच्या सासूच्या काळात पाळण्याची फळी थंड व्हायला सवड नसे. तिच्या उतारवयात तो एखादा पावसाळा रिकामा राहू लागला. पुढं वर्षभर. आणि आता तिच्या नातवानंतर तो तिच्याच आढ्याला जो टांगून राहिला, तो राहिलाच. नातू शाळेत जाऊ लागला होता. गल्लीत त्याच्यापेक्षा लहान पोर नव्हतं.

रिकामा पाळणा हलू नये म्हणून सकिनाबीनं तो सुतळीनं खुंटीला जखडून ठेवला होता. तरी दुपारी पत्रा तापला की लाकूड कुरकुरे. भिंतीपलीकडे श्रीपतीची बायको जाई भाकऱ्या थापत असली की तिचा हात क्षणभर थांबे, आणि पुन्हा चाले.

बहात्तरच्या दुष्काळात या गल्लीनं खडी फोडून दिवस काढले होते. मग गावात सोसायटी झाली, नाल्यावर तळं झालं, तळ्याखाली सोसायटीची द्राक्षबाग उभी राहिली. खालच्या गल्लीतल्या बाप्यांना बारमाही काम लागलं. काही वर्षांनी वेलींच्या मुळांना गाठी धरल्या, तेव्हा पत्र्याच्या पिंपातून मातीची दवा आली. ती फवारायची नव्हती, जमिनीच्या पोटात घालायची होती. त्यासाठी कमरेएवढी पोकळ लोखंडी सुई. आडवी मूठ धरून ती पायानं मातीत दाबायची, मूठ खाली रेटली की दवा आत उतरते. सुई उपसली की भोक लगेच टाचेनं बुजवायचं, नाहीतर दवा हवेत उडून वाया जाते. वहाण घातली तर भोक नीट बुजलं की नाही ते पायाला कळत नाही, म्हणून गडी टाच उघडीच ठेवत. हे काम ताकदीचं, बाप्यांचं. बायका छाटणीला, विरळणीला. सुईला बाईचा हात लागू देत नसत. चोरीला जाऊ नये म्हणून ज्याची सुई त्यानं संध्याकाळी घरी न्यायची. गल्लीतल्या प्रत्येक घरात दाराआड एक सुई भिंतीला टेकून उभी असे.

दवा घातलेल्या ओळींत रातकिडे बोलत नसत. अंधार पडल्यावर बागेच्या कडेनं येताना जाईला ते कळायचं. एका बांधापर्यंत किरकिर, आणि पुढं कान बधिर झाल्यासारखं.

चैत्रात श्रीपती कामावरून आला, सुई दाराआड टेकवली आणि ओट्यावर बसला. विहिरीत बादली तळाला टेकत होती, म्हणून अंघोळ दिवसाआड. जाईनं तांब्याभर पाणी त्याच्या पायावर ओतलं. टाचांची कातडी पिवळट, शिजलेल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती.

"नीट चोळून धुवा, आवो. अंगाला वास येतुया."

"कशानं धुऊ? तुझ्या आसवांनी?" श्रीपती हसला. "रडून बघ, भरली बादली तर."

"कामाचा वास हाय त्यो," आतून मथुराबाई म्हणाल्या. "खडीच्या धुराळ्यापरीस बरा." मग त्या दारात आल्या, सुनेकडं न बघता म्हणाल्या, "ज्ञानोबा पाव्हण्याला सांगावा धाडलाय म्या."

"माझ्या बापाला? कशापायी, आत्या?"

"धुरपीपायी."

जाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. धुरपा तिच्या पाठची, अजून गजगे खेळणारी.

"परकी आणण्यापरीस तुझ्या पाठची बरी," मथुराबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "तुला कुणी घराबाहीर काढीत न्हाय. तू थोरली ती थोरलीच. माझ्या डोळ्यादेखत ह्या आढ्याला पाळणा लागू दे, बाय. दुसरं काय मागती म्या?"

श्रीपती टाच चोळत राहिला.

समोरच्या घरात लिंबाजीनं हे आधीच केलं होतं. थोरली भिमाबाई असताना, सोनारीच्या काळभैरवाला नवस बोलून, तिकडचीच सुंदरा करून आणली होती. आता दोघी एकाच विहिरीवर एकामागून एक जात, एकाच चुलीपुढं बसत, आणि त्या घरातून कसलाच आवाज येत नसे. पारावर गडी लिंबाजीला चिडवत, "दोन बैलं जुपली तरी तिफण रिकामीच, लिंबादादा? का आणीबाणीत गुपचूप तुपाचा डबा घेऊन आलतास?" नसबंदी केली की डबा मिळायचा, त्यावरून. लिंबाजी तोंडातली तंबाखू थुंकायचा आणि उठून जायचा.

ज्ञानोबा आला तेव्हा धुरपा सोबत होती. बाप आणि विहीण ओट्यावर बोलत बसली. धुरपा घरभर फिरली, दाराआडची सुई उचलून बघितली, जाईनं ती हिसकून घेतली.

"अक्का, म्या आले की पाणी म्याच आणीन," धुरपा म्हणाली. "तू नुसती बसून भाकऱ्या कर. दाजी मला चिमणी म्हणत्यात. म्या रडले की त्यांनी बत्तासा दिला पायजे, असं म्या ठरवून घेणार हाय."

जाईनं परात पुढं ओढली. ती पीठ मळायला बसली. धुरपा उडत बाहेर गेली.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आवाज आला. कुरकुर नव्हे. सरळ, तालात, जाऊन येणारा, दोरी कडीत घासल्याचा. कर्र... कर्र... जाईच्या हाताला पीठ चिकटून राहिलं. ओट्यावरचं बोलणं तुटलं. समोर भिमाबाई दारात आली, तिच्यामागं सुंदरा. पलीकडच्या घरातली म्हातारी काठी टेकत बाहेर आली. सगळ्या गल्लीनं मान एकाच दिशेला वळवली. कित्येक वर्षांनी गल्लीत पाळणा चालत होता, आणि गल्लीत कुणी बाळंत झालेलं नव्हतं.

जाई धावली. सकिनाबीच्या खोलीत सुतळी सुटून लोंबत होती. धुरपा पाळण्याच्या काठाला धरून झोके देत होती आणि रिकाम्या फळीकडं बघून काहीतरी गुणगुणत होती.

"तोबा, तोबा!" परसातून आलेल्या सकिनाबीनं दोन्ही हातांनी पाळणा धरला. "रिकामा हलवू नको पोरी! काय केलंस गं माय!"

"म्या बगत व्हते, कसा चालतो ते," धुरपा घाबरून म्हणाली. "आता आमच्याकडंच येणार ना?"

बाप-लेक गेल्यावर जाई सकिनाबीकडं गेली. म्हातारी सुतळीला नव्या गाठी मारत होती.

"चाची, खरं सांगा. माझ्यात खोट हाय?"

"माझ्या हातानं तुला दोनदा बघितलं. कायबी न्हाय." सकिनाबीनं आपले रिकामे तळहात तिच्यापुढं धरले. "बाईची खोट हाताला लागती, बेटा. बाप्याची लागत न्हाय."

"मग ती कुठं कळती?"

"धाराशिवला, मोठ्या दवाखान्यात. काचेखाली बघत्यात म्हणं." म्हातारीनं आवाज खाली आणला. "पण कोण जाईल? आणीबाणीत नसबंदीची जीप आलती तवा ह्या गल्लीतलं एकूणएक बापई कडब्याच्या गंजीत शिरलं व्हतं. अजून त्यांच्या अंगाचं कुसळ गेलं न्हाय."

त्या संध्याकाळी श्रीपती जेवून हात धूत होता तेव्हा जाई म्हणाली, "धुरपाला म्या व्हय म्हणते. बापालाबी म्याच सांगते. पर आधी एकडाव धाराशिवला चला. तुमची तपासणी करू."

श्रीपतीचा हात पाण्याखाली थांबला. "कुणी शिकवलं तुला?"

"कुणीच न्हाय."

"जीप आली तवा म्या घावलो न्हाय, आणि आता आपल्या पायानं जाऊ? लोक काय म्हणतील? लिंबाजीला काय म्हणत्यात, ऐकलंस न्हवं?"

"तुमच्यात काय नसलं तर तुमचंच तोंड उजळ व्हईल. मग माझ्यावर दहा जणी आणा. म्या शब्द बोलणार न्हाय."

त्यानं धोतराला हात पुसले. मग म्हणाला, "आयला सांगू नगं."

तुळजापूरला देवीला जातो असं सांगून दोघं पहाटेच्या एस.टी.नं कळंबला आणि तिथून धाराशिवला गेली. दवाखान्याच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा मोठा लाल त्रिकोण रंगवलेला होता. तो बघताच श्रीपती फाटकातच वळला.

"चल माघारी. हे तेच हाय."

जाई लिंबाखाली बसली. पदर सारखा केला. "जावा तुमी. मग धुरपीलाबी तुमीच सांगा, तिचं दाजी फाटकातनं का पळालं ते."

तो दोन पावलं पुढं गेला, उभा राहिला, आणि तोंड न वळवता परत आला.

डॉक्टरीणबाई वयानं पोक्त, कमी बोलणाऱ्या. त्यांनी काय तपासायचं ते सरळ सांगितलं. श्रीपतीच्या हातात झाकणाची काचेची बाटली दिली आणि व्हरांड्याच्या टोकाचा संडास दाखवला. त्याच्या दाराला कडी नव्हती. जाई बाहेरून दाराला पाठ लावून उभी राहिली. समोरून बायका पोरं घेऊन जात होत्या, टोचणीच्या रांगेतली पोरं किंचाळत होती. आतून श्रीपती एकदाच दबक्या आवाजात म्हणाला, "जाई, हायस ना?" ती म्हणाली, "हाय." तिच्या पाठीला दाराचं लाकूड ओलं लागत होतं. तो बाहेर आला तेव्हा खडी फोडायच्या दिवसांतही पडला नव्हता एवढा त्याचा चेहरा पडलेला होता. बाटली त्यानं टोपीखाली झाकून नेली.

तासाभरानं डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं. श्रीपती दारातच थांबला. जाई टेबलाजवळ गेली.

"यात बीज दिसत नाही," त्या म्हणाल्या. "दोन थेंब बघितले. एकही नाही."

"म्या बघू?" जाईनं विचारलं.

बाईंनी तिच्याकडं बघितलं, आणि खुर्ची सरकवली. जाईनं एक डोळा मिटून दुसरा काचेला लावला. आधी काळोख. मग एक गोल उजेड, विहिरीत वाकून बघितल्यावर तळाशी आभाळ दिसतं तसा. त्या उजेडात धुळीचे चार कण पडलेले. ते हलत नव्हते. काहीच हलत नव्हतं.

बाईंनी काच बदलली. "हे दुसऱ्या माणसाचं. आता बघा."

तोच उजेड, पण आता आटत्या डबक्यात बेडकाची पिल्लं वळवळावीत तशी त्यात नुसती धांदल चाललेली. बारीक शेपट्या, एकमेकांना ढुसण्या, कुठंतरी जायची घाई. जाईला आपला श्वास ऐकू आला.

"पहिली काच परत लावता, बाई?"

पुन्हा तो मोकळा उजेड. ती बघत राहिली. एकदा तिला वाटलं, कडेला काहीतरी हललं. ती तिचीच पापणी होती.

"लहानपणी गालफुगी झाली होती? कुठं मार लागला?" बाईंनी श्रीपतीला विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. "काम काय करता?"

"शेतात," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

"कशामुळं झालं हे मला यावरून सांगता येणार नाही. पुन्हा तपासावं लागेल. पण एक सांगते, दुसरी बायको केल्यानं यात फरक पडायचा नाही." जाईनं त्यांना धुरपाबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. तसं कुणी सांगायची त्यांना गरजच पडली नसावी.

कळंबच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अरं श्रीपत्या! बायकूला शहर दावाय काढलंस व्हय?"

बंडप्पा होता. खालच्याच गल्लीतला, बागेच्या मुकादमाशी भांडून सुई टाकून आलेला, आता अडतीत हमाली करणारा. त्याच्या खांद्यावर वर्षाची पोरगी बसली होती आणि त्याची टोपी चावत होती.

"कुणाची रं ही?" श्रीपतीनं विचारलं.

"कुणाची म्हंजी? भाड्यानं आणली काय?" बंडप्पा खदाखदा हसला. "माझी हाय की. सुई सोडली तरी कितीतर दिवस अंगाचा वास जाईना. बायकू म्हणायची, तिकडं झोपा. मग वास गेला, वर्ष-दीड वर्षानं ही आली. गल्लीतलं लोक म्हणत्यात, गल्लीबाहीर पडला म्हणून ह्याचा फेरा सुटला. सुटला तर सुटला."

जाईनं पोरगीला घेतलं. तिच्या टाळूला नाक लावलं. दूध, धूळ, घाम. एवढ्या लहान डोक्याचा वास कसा असतो हे ती विसरली होती. पोरगी तिच्या बांगड्या ओढू लागली. गाडी लागली तेव्हा बंडप्पाला ती तिच्या हातातून सोडवून घ्यावी लागली.

गाडीत श्रीपती खिडकीशी बसला. काल अंघोळ करूनही त्याच्या मानेपासून तो वास येत होता, तिखट, गोडसर, घशात बसणारा.

"आवो," जाई हळू म्हणाली. "वरल्या आळीत सुई कोण धरतं?"

"कुणीच न्हाय. ती माणसं पाणी धरत्यात."

"त्यांच्यात परवाच बारसं झालं न्हवं? नवा पाळणा करून घेतला त्यांनी. आपला जात न्हाय म्हणून."

श्रीपतीनं खिडकीबाहेर बघितलं. गाडी माळरानातून चालली होती. बराच वेळ गेल्यावर त्यानं एक पाय वर घेतला, टाच उलटी केली आणि त्या टाचेकडं अनोळखी माणसाकडं बघावं तसा बघत राहिला.

घरी आल्यावर त्यानं धाराशिवचं नाव काढलं नाही. आईला कळू द्यायचं नाही असं त्यानंच सांगितलं होतं, म्हणून जाईनंही काढलं नाही. तो रोज सोसायटीच्या घंटेला उठे, सुई खांद्यावर टाकी आणि बागेत निघे. सुपारी फोडायचा दिवस जवळ आला.

त्याच्या आदल्या दिवशी मथुराबाईंनी कधी कुणी केलं नव्हतं ते केलं. लिंबाजी आणि दुसऱ्या एकाला सांगून सकिनाबीच्या घरचा पाळणा आणवला आणि आपल्या आढ्याला टांगला. "येणारीच्या नजरेला पडावा," म्हणाल्या. सकिनाबी दारातून म्हणत राहिली, "पोराआधी पाळणा न्यायचा नसतो, मथुरा. कुणी नेला न्हाय असा." कुणी ऐकलं नाही. रात्रभर तो जाईच्या डोक्यावर होता. आता मध्ये भिंत नव्हती.

सकाळी ज्ञानोबा धुरपाला घेऊन आला. तिला नवं लुगडं नेसवलं होतं, ते तिला चालू देत नव्हतं. गल्ली जमली. बाप्ये घोंगड्यावर, बायका दाराशी. मथुराबाईंनी ताट पुढं सरकवलं, त्यात सुपारी आणि अडकित्ता. ज्ञानोबानं लेकीकडं बघितलं, "थोरली, तू बोल. तुझ्या तोंडानं व्हय म्हण. मगच."

सगळ्यांनी जाईकडं बघितलं. ती ताटापुढं बसली होती. तिनं मान वर केली नाही. तिची नजर श्रीपतीच्या पायांवर होती. घोंगड्यावर मांडी घालून बसल्यामुळं दोन्ही टाचा वर आलेल्या, पिवळ्या, सोललेल्या. श्रीपतीला ती नजर कळली. त्यानं पाय धोतराखाली ओढून घेतले. मग धुरपाकडं बघितलं. ती लुगड्याच्या घोळात चाचपडत होती, तिच्या मुठीत गजगा होता.

तो उठला. घोंगड्यावरून सरळ पाळण्याजवळ गेला आणि आढ्याची दोरी सोडू लागला.

"काय रं? काय करतुयास?" मथुराबाई उठल्या.

"आये, ह्याचं हितं काम न्हाय. हा वरल्या आळीत देऊ."

"डोकं फिरलं काय तुजं?"

"खोट माझ्यात हाय," श्रीपती म्हणाला. आवाज चिरकला, म्हणून त्यानं परत म्हटलं. "माझ्यात हाय. धाराशिवला काचेखाली बघून आलोय. जाईनं डोळ्यांनी बघितलं. हितं कुणाला बी आणलं तरी पाळणा रिकामाच राहणार."

मथुराबाई भिंत धरून हळूहळू खाली बसल्या.

"आणि माझ्या एकट्यात न्हाय," तो दोरी सोडत म्हणाला.

"तोंड सांभाळ, श्रीपत्या!" लिंबाजी ओरडला.

"सुई हातात आल्यापासनं हा पाळणा कुणाच्या घरी गेलाय, लिंबादादा? सांग. येक घर सांग. बंडप्पानं सुई टाकली, त्याला पोरगी झाली. आमी बघून आलाव."

लिंबाजीनं शेजारच्याकडं बघितलं, शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याकडं. घोंगड्यावरच्या एकानं आपला पाय मुडपून खाली घेतला. मग दुसऱ्यानं घेतला. दाराशी उभ्या बायका एकमेकींकडं बघत नव्हत्या. गावभरचे टोमणे, नवस, उपास, माहेरी हाकलून दिलेले महिने, सगळं त्या छोट्या घरात येऊन उभं राहिलं.

पाळणा उचलायला दोन बाप्ये लागत. श्रीपतीनं एक बाजू धरली आणि वाट बघितली. कुणी पुढं आलं नाही. तेव्हा जाई उठली, पदर खोचला आणि दुसरी बाजू धरली. बाईनं पाळणा वाहायची रीत नव्हती. ज्ञानोबानं धुरपाचा हात घट्ट धरला आणि तिला दारातून बाजूला घेतलं.

दोघं गल्लीतून निघाली. मागोमाग घर रिकामं झालं, पण सोबत कुणी आलं नाही. जो तो आपल्या दारापाशी जाऊन थांबला. पाळण्याचे लाकडी राघू कुरकुरत होते. लिंबाजीच्या दारावरून जाताना भिमाबाई आणि सुंदरा उंबऱ्यात उभ्या होत्या. सुंदरा या गल्लीत आल्यापासून तिचा आवाज कुणी नीट ऐकला नव्हता. ती आपल्या नवऱ्याकडं वळली आणि अगदी हळू, एखादी हरवलेली वस्तू विचारावी तसं म्हणाली,

"मग मला कशापायी आणलं?"

भिमाबाईनं सुंदराच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला आत नेलं.

तेवढ्यात सोसायटीची घंटा वाजली. दुपारच्या पाळीची. लिंबाजी सवयीनं दाराआडच्या सुईकडं गेला, मूठ धरली, आणि तिथंच भिंतीला टेकून एक पाय उचलून टाच बघत उभा राहिला. घंटा वाजत होती. कुठल्याच दारातून कुणी बाहेर पडेना.

वरच्या आळीला वळायच्या आधी जाईनं एकदा मागं बघितलं. सगळी गल्ली उन्हात उभी होती, आणि रातकिडेही न बोलणाऱ्या त्या ओळींसारखी गप्प होती. मग पुढच्या घरातून तान्ह्या पोराचं रडणं आलं. पाळणा दोघांच्या हातात आपोआप हलू लागला, आणि जाईनं तो थांबवला नाही.